पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याआधी: सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायची तपासणी

घोडबंदर रोडवरच्या पंपावर टाकी फुल केली, पैसे दिले, चावी फिरवली, आणि स्टार्टर नुसताच फिरत राहिला. ॲक्सिलरेटर दाबून दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली, थोडी अडखळली, पेट्रोलचा वास आला आणि मग सगळं ठीक. टाकी अर्धी असताना ही तक्रार कधीच नाही. नेमकं हेच लक्षण असेल तर संशयाची सुई सगळ्यात आधी पर्ज व्हॉल्व्हकडे, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या झडपेकडे, वळवावी. बॅटरी, स्टार्टर आणि फ्युएल पंप यांच्यामागे लागण्याची गरज नाही.

तरीही व्हॉल्व्ह लगेच बदलू नका. तो बदलूनही तक्रार तशीच राहिलेल्या गाड्या पुष्कळ असतात. दोष कधी उंदराने कुरतडलेल्या पाइपात असतो, कधी हिरवट गंज चढलेल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, तर कधी वाफ साठवणाऱ्या फुटलेल्या कॅनिस्टरमध्ये. या चारांपैकी नेमकं कोण हे घरच्या घरी ठरवता येतं. फक्त क्रम पाळायचा: आधी काहीही न काढता, मग कपलर काढून, आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह हातात घेऊन.

हा व्हॉल्व्ह करतो काय

टाकीतल्या पेट्रोलची वाफ सतत होत असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती जास्तच होते. ही वाफ हवेत सोडायला नियमांची परवानगी नाही. बंद खोलीत गाडी ठेवून जी चाचणी घेतात, तिच्यात आपल्याकडची मर्यादा २ ग्रॅमची आहे. म्हणून वाफ कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवली जाते. इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा, व्हॅक्यूम ती वाफ ओढून घेतो आणि ती सिलिंडरमध्ये जळते. कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते आणि कोळसा पुन्हा मोकळा होतो.

व्हॉल्व्ह म्हणजे साधा सोलेनॉइड. वीज नसेल तर स्प्रिंगच्या जोराने बंद, वीज मिळाली की उघडा. त्याच्या एका पिनला इग्निशन ऑन केल्यावर १२ व्होल्ट मिळतात. दुसरी पिन ईसीएम सेकंदाला अनेक वेळा अर्थ करतो आणि सोडतो. गरम इंजिनवर बोनेट उघडल्यावर येणारी बारीक टिकटिक ती हीच. ती ऐकून घाबरू नका. उलट गरम इंजिनवर ती कधीच ऐकू येत नसेल तर विचार करा.

आता बिघाडाच्या दोन तऱ्हा. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर थंड इंजिनवर, आयडलला, अगदी स्टार्ट करतानाही वाफ आत जात राहते. टाकी भरताना आतली वाफ कॅनिस्टरकडेही ढकलली जाते, म्हणून नेमकं पंपावरच इंजिन ओलं होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जादा होतं. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो आणि इंजिन साफ होऊन सुरू होतं. हा उपाय लागू पडला तर तोही एक पुरावाच समजा. व्हॉल्व्ह बंद अडकला तर चालवताना फरक जाणवत नाही. कॅनिस्टर मात्र भरून वाहू लागतो आणि गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येतो.

डिझेल गाडीत हा व्हॉल्व्ह नसतो. सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे व्हॉल्व्हही असतो. तो उघडा अडकलेला असेल तर सीएनजीवर चालतानाही पेट्रोलची वाफ ओढत राहतो. तपासणी मात्र पेट्रोलवरच करा.

चेक इंजिन लाइटवर किती विसंबायचं

अमेरिकी व्हिडिओ पाहून लोक पेट्रोलचं झाकण बदलतात आणि गळतीचे कोड शोधत बसतात. तिथल्या गाड्या टाकीपासून इंजिनपर्यंतची सगळी यंत्रणा हवाबंद आहे का हे स्वतः तपासतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा ईसीएम पर्ज व्हॉल्व्हचं फक्त विजेचं सर्किट तपासतो. कॉइल तुटली किंवा वायर सुटली की दिवा पेटेल. पण कॉइल धडधाकट आहे आणि आतली सील कचऱ्याने उघडी राहिली आहे, असं असेल तर डॅशबोर्ड महिनोन्‌महिने गप्प राहू शकतो. दिवा नाही म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, हे गणित इथे चालत नाही.

पीयूसीचंही तसंच. ते यंत्र सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतं, टाकीची वाफ मोजत नाही. उघड्या अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे कार्बन मोनॉक्साइड वाढून गाडी पीयूसीत नापास होऊ शकते, पण पास झाली म्हणून व्हॉल्व्ह निर्दोष ठरत नाही.

कोड आलाच असेल तर काहीही काढण्याआधी तो लिहून ठेवा. पी०४४३ हा सर्किटचा सर्वसाधारण कोड. पी०४४४ म्हणजे सर्किट तुटलेलं, पी०४४५ म्हणजे शॉर्ट. पी०४५८ म्हणजे कंट्रोल वायरवर व्होल्टेज कमी, पी०४५९ म्हणजे जास्त. हे पाचही विजेचे आहेत, म्हणून आधी मल्टिमीटर. पी०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, आणि पी०४९६ म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायला हवा तेव्हाही प्रवाह चालू आहे. हे दोन आले तर आधी पाइपांची तपासणी आणि बोटाची चाचणी, दोन्ही पुढे दिल्या आहेत.

सामान

मल्टिमीटर, साधा डिजिटल चालेल. गाडीचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. मेडिकलमधून ६० मिलीची जाड टोकाची फीडिंग सिरिंज. टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानातून एक फूट पेट्रोल पाइप. सहा मिलिमीटर आतला व्यास बहुतेक व्हॉल्व्हना बसतो, नाही बसला तर आठचा घ्या. पार्किंग लाइटचा ५ वॉटचा १२ व्होल्टी बल्ब, दोन वायरींसकट. जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर. काही राउटरचे ९ व्होल्टचे असतात, म्हणून लेबल वाचून घ्या. पकड, १० नंबरचा पाना, पांढरा कागद, रबराचे हातमोजे.

टीव्हीच्या रिमोटचे सेल किंवा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नका. कॉइलला अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तो या बॅटऱ्यांतून निघत नाही. व्हॉल्व्ह टिकदेखील करत नाही आणि चांगला पार्ट कचऱ्यात जातो.

जागा

बेसमेंटमध्ये हे काम करू नका, पोडियमच्या बंद कोपऱ्यातही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. पंपरूम, मीटररूम आणि जनरेटर बऱ्याच सोसायट्यांत तिथेच असतात. शिवाय काही चाचण्यांत इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावं लागतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाफेइतकाच मोठा आहे. गाडी उघड्यावर आणा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल किंवा पार्क. ड्राय पावडरचं एक किलोचं अग्निशामक हाताशी ठेवा. सिगारेट लांब, आणि लहान मुलं त्याहून लांब.

पहिली चाचणी थंड इंजिनवर करायची असते, म्हणून गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सुरुवात करा.

व्हॉल्व्ह ओळखणे

थ्रॉटल बॉडीच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या शेजारी ब्रॅकेटला, मुठीत मावेल एवढा काळा प्लास्टिकचा तुकडा. दोन तोंडं, दोन पाइप, दोन पिनांचा कपलर. एक आखूड पाइप मॅनिफोल्डमध्ये जातो, दुसरा लांब पाइप फायरवॉलकडून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडून, गाडीखाली मागे जातो. काही गाड्यांत व्हॉल्व्ह थेट मॅनिफोल्डवरच बसवलेला असतो. बहुतेकांवर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो, तो मॅनिफोल्डकडे रोखलेला हवा.

टर्बो पेट्रोल गाडीत वेस्टगेटचा सोलेनॉइडही असाच दिसतो, पण त्याला सहसा तीन पाइप असतात. त्याला हात लावू नका. टर्बो गाडीत वाफेच्या वाटेत एकेरी व्हॉल्व्हही असतात आणि बूस्टच्या वेळी वाफ वेगळ्या रस्त्याने जाते. तिथे खाली दिलेली बोटाची चाचणी फक्त आयडलला करा, बाकी तपासणी सारखीच.

काहीही काढण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. पाइप उलटे लागले तर नवा बिघाड तयार होतो.

आधी पाइप

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे ती गाळतात आणि तिथेच फसतात. पावसाळ्यात ठाण्यात काय किंवा कोपरखैरणे-नेरुळच्या बैठ्या सेक्टरांत काय, उंदीर गरम बोनेटखाली आसरा घेतात. वायरींचं आवरण आणि पातळ रबरी पाइप त्यांच्या दातांना सोपे पडतात. पाइपावर बोट फिरवत जा, खालची बाजूही तपासा. कुरतडल्याची खूण बहुतेक वेळा खालीच असते. टोकाशी वाकवून पाहा: चिरा दिसल्या, रबर पुठ्ठ्यासारखं कडक झालं असेल तर पाइप बदला. पर्जच्या मॅनिफोल्डकडच्या पाइपाला चीर असेल तर इंजिन तिथून हवा घेतं आणि व्हॉल्व्ह उघडा अडकल्यासारखीच काही लक्षणं दाखवतं. दहा मिनिटांत सापडणारा हा दोष महागड्या पार्टच्या नावावर जमा होतो.

पाइप बदलताना साधा पाण्याचा किंवा एसीच्या ड्रेनचा पाइप लावू नका, पेट्रोलसाठीचाच घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या काळात तर हे आणखी सांभाळायला हवं.

थंड इंजिनवर बोट

या सगळ्या खटाटोपातली सर्वात उपयोगी चाचणी हीच, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

इग्निशन बंद ठेवून व्हॉल्व्हचा कपलर काढा. लॉक दाबून कपलरला धरून ओढायचं, वायरींना नाही. मग कॅनिस्टरकडचा लांब पाइप व्हॉल्व्हवरून काढा. स्प्रिंगची क्लिप असेल तर पकडीने दाबून मागे सरकवा. क्विक कनेक्टर असेल तर कळ दाबून सरळ ओढा, वाकडं केलं तर प्लास्टिकचं नाक मोडतं. सुटलेल्या पाइपाच्या तोंडात स्वच्छ बोल्ट किंवा प्लग बसवा, म्हणजे वाफ बाहेर येणार नाही.

आता इंजिन सुरू करा. बाही, ओढणी, लोंबता दोरा बेल्टपासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, हे विसरू नका. व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा.

कपलर काढलेला आहे, म्हणजे वीज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. बोट ओढलं जात नसेल तर सील ठीक आहे. अगदी पुसटसं ओढणं जाणवलं तर ते सोडून द्या, पुढे सिरिंज निकाल देईल. बोट चिकटून बसत असेल, तोंड उघडं ठेवल्यावर सूं सूं आवाज येत असेल आणि बोटाने बंद केल्यावर आयडल बदलत असेल, तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. निकाल लागला.

कपलर काढून इंजिन चालवल्यामुळे चेक इंजिन लाइट पेटू शकतो. तो तुम्हीच लावलेला कोड आहे, शेवटी खोडायचा.

गरम इंजिनवर

इंजिन बंद करून कपलर परत लावा, पाइप तसाच सुटा आणि प्लग केलेला राहू द्या. इंजिन सुरू करून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गरम होऊ द्या. मग कुणाला तरी गाडीत बसवून दोन ते अडीच हजार आरपीएमवर रेस धरायला सांगा आणि बोट ठेवा. आता हलक्या ठोक्यांसारखं ओढणं जाणवायला हवं, व्हॉल्व्ह टिकटिकायला हवा. ईसीएम दर क्षणी पर्ज करतोच असं नाही, म्हणून एक-दोन मिनिटं थांबा.

टिकटिक आहे पण ओढणं नाही, असं झालं तर व्हॉल्व्हला दोष देण्याआधी मॅनिफोल्डकडचा आखूड पाइप काढून त्यात व्हॅक्यूम येतो का बघा. मॅनिफोल्डवरची बारीक निपल कार्बनने बुजलेली सापडते, विशेषतः रोज माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाड्यांत. टिकटिकही नाही आणि ओढणंही नाही, तर विजेची बाजू तपासायची.

स्कॅनर असेल तर इथे फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. सगळे पाइप जागेवर लावा, गरम इंजिन आयडलला ठेवा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज उणे दहाच्या खाली असेल तर इंजिनला कुठून तरी फुकटचं पेट्रोल मिळतंय. आता कॅनिस्टरकडचा पाइप काढून व्हॉल्व्हचं तोंड बोटाने बंद करा. ट्रिम मिनिटाभरात शून्याकडे सरकला तर ते पेट्रोल पर्जमधूनच येत होतं. मात्र त्याच वेळी पर्ज ड्युटी, म्हणजे ईसीएम व्हॉल्व्ह किती टक्के वेळ उघडा ठेवतो तो आकडा, शून्य असेल तरच दोष व्हॉल्व्हचा. ड्युटी २०-३० टक्के असेल तर ईसीएमनेच व्हॉल्व्ह उघडलेला आहे, आणि नुकतीच टाकी भरली असल्यास उणे ट्रिम नैसर्गिक आहे.

उलट, कॅनिस्टर रिकामा असेल तर गळक्या व्हॉल्व्हमधून नुसती हवा येते. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत त्यामुळे ट्रिम अधिककडे जातो. फक्त मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या गाडीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तशाच आहेत, ही हवा मॅप सेन्सरला दिसते, ईसीएम तिच्या प्रमाणात पेट्रोल देतो आणि ट्रिम शांत राहतो. वाढतं ते आयडल. म्हणून मॅपवाल्या गाडीत चांगला ट्रिम पाहून व्हॉल्व्हला निर्दोष सोडू नका, बोटावर विश्वास ठेवा.

मल्टिमीटर

इग्निशन बंद करा, कपलर काढा. मीटर २०० ओहमवर ठेवा आणि आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून त्यांचाच रोध वाचा, तो नंतर वजा करायचा. मग व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर टेकवा. बहुतेक व्हॉल्व्ह १५ ते ३५ ओहमच्या दरम्यान येतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला खरा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. दोन-तीन ओहम आले तर कॉइल शॉर्ट, आणि असा व्हॉल्व्ह जोडलेला ठेवू नका. २५ ओहमची चांगली कॉइल १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेते, तीन ओहमची चार अँपिअर घेईल. तो भार ईसीएममधल्या ड्रायव्हर सर्किटवर येतो, आणि ईसीएमपुढे पर्ज व्हॉल्व्हची किंमत काहीच नाही.

तापमानाचा हिशोब ठेवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर २५ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांच्या इंजिनवर ३१ ओहमच्या आसपास दाखवेल. तो दोष नव्हे. पण थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर मीटर एकदम कोरं, तर कॉइलची तार आतून तुटलेली आहे आणि तापल्यावर सुटते आहे. वाटेत येणारा-जाणारा चेक इंजिन लाइट याच जातीचा असतो.

आता वायरिंग. इग्निशन ऑन, इंजिन बंद, मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक कपलरच्या एकेका पिनला. एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज हवं. काही गाड्यांत ते इंजिन सुरू असतानाच मिळतं, म्हणून शून्य आलं तर इंजिन चालू करून पुन्हा बघा. तरीही शून्य असेल तर फ्यूज आणि रिले. मीटरचं जाड टोक पिनेत खुपसू नका. पिन फाकते आणि मग कपलर लावूनही संपर्क सैल राहतो, म्हणजे तपासायला गेलात आणि बिघाड करून आलात. टाचणी वापरा, हलक्या हाताने.

दुसऱ्या पिनवर ईसीएमचं काम दिसतं. कपलरच्या दोन पिनांमध्ये ५ वॉटचा बल्ब जोडा. त्याचा करंट कॉइलइतकाच असतो, त्यामुळे ईसीएमवर जादा भार येत नाही. गरम इंजिनवर रेस दिल्यावर बल्ब लुकलुकला किंवा मंद पेटला तर ईसीएम आणि वायरिंग दोन्ही ठीक. इग्निशन ऑन करताच बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून तसाच राहिला तर कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. अशा गाडीत नवा व्हॉल्व्हही कायम उघडाच राहील.

खाडीच्या दमट, खारट हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पावसात सायन-पनवेल हायवेवर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर आणखी लवकर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, कपलर दोन-चार वेळा काढ-घाल करा. सँडपेपर नको, वरचा मुलामा जातो.

सिरिंज

आता व्हॉल्व्ह काढा. काढल्यावर अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवा, आतली वाफ उडून जाऊ द्या. तोंडाने ओढून तपासण्याची सवय असेल तर सोडा, ती वाफ फुप्फुसात जाते.

आधी सिरिंजचीच परीक्षा घ्या. दट्ट्या २० मिलीवर ठेवा, नळी जोडा, नळीचं टोक बोटाने गच्च दाबा, दट्ट्या ५० पर्यंत ओढा, अर्धा मिनिट धरा आणि सोडा. रबराच्या घर्षणामुळे तो बरोबर २० वर येणार नाही, थोडा अलीकडे थांबेल. समजा २४ वर थांबला, तर तुमच्या सिरिंजचा शून्य २४.

आता नळी व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डकडच्या तोंडाला लावा आणि हेच करा. २० वरून ५० पर्यंत ओढल्यावर आत निर्माण होणारा व्हॅक्यूम आयडलच्या मॅनिफोल्ड व्हॅक्यूमच्या जवळपास जातो, म्हणून ही चाचणी खरी. सोडल्यावर दट्ट्या २४-२६ ला परतला तर व्हॉल्व्ह धरतो. ४० च्या पुढेच रेंगाळला, किंवा मुळात ओढताना ताणच जाणवला नाही, तर गळतो. मधला आकडा आला तर नळीचा जोड तपासून तीनदा करा. तोंड बदलू नका. उलट्या बाजूने ओढल्यास आतला पडदा जागेवरून उचलला जातो आणि चांगला व्हॉल्व्हही गळका दिसतो.

मग उघडण्याची परीक्षा. दट्ट्या ओढून धरा आणि अडॅप्टरच्या वायरी व्हॉल्व्हच्या पिनांना लावा. काही व्हॉल्व्हमध्ये डायोड असतो, म्हणून गाडीत ज्या पिनवर १२ व्होल्ट मिळाले तिथेच प्लस. वायरी आधी जोडून घ्या आणि वीज भिंतीच्या स्विचने द्या, म्हणजे ठिणगी व्हॉल्व्हपाशी पडणार नाही. स्विच टाकताच टक आवाज आणि दट्ट्याचा ताण झटकन सैल. पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त वीज देऊ नका. दहा वेळा करा. आठ वेळा नीट आणि दोनदा अडकला, तर तो नापास. टक आवाज आला पण ताण सुटला नाही, तर कॉइल चालते आणि वाट बुजलेली आहे.

पांढरा कागद

व्हॉल्व्हचं कॅनिस्टरकडचं तोंड कागदावर आपटा. काळे, खरखरीत दाणे पडले तर खरा रुग्ण कॅनिस्टर आहे. आतली जाळी फाटली, कोळसा पाइपातून पुढे आला आणि एक दाणा सीलखाली बसला. अशा गाडीत फक्त व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे गळक्या छताखाली नवी चटई. कॅनिस्टर बदला, मधला लांब पाइप गॅरेजमध्ये दोन्ही टोकं सोडवून हवेने साफ करून घ्या, मग नवा व्हॉल्व्ह. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाकीच्या दिशेने कधीही लावू नका. ही यंत्रणा अगदी थोड्या दाबासाठी बनलेली असते.

कॅनिस्टर मरतो तो बहुतेक वेळा पंपावर. ऑटो कट झाल्यावर "राउंड फिगर करू का" म्हणत नोझल आणखी दोन-तीनदा दाबलं जातं. टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा द्रव पेट्रोलने भरते, ते वाफेच्या पाइपातून कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजतो. कोळसा वाफ शोषण्यासाठी आहे, पेट्रोलमध्ये पोहण्यासाठी नाही. पहिल्या कटला नोझल काढायला सांगा, रक्कम ऑड आली तरी हरकत नाही.

पेट्रोल भरताना नोझल वारंवार कट होत असेल तर मात्र पर्ज व्हॉल्व्हचा संबंध नाही. कॅनिस्टरचं हवा घेणारं तोंड किंवा त्याचा फिल्टर चिखलाने तुंबला असेल, तो बघा.

साफ करायचा की बदलायचा

कार्बोरेटर क्लीनर मारून व्हॉल्व्ह काही दिवस सुधारतो हे खरं, पण तो फवारा आतल्या रबराला फुगवतो. सिरिंजच्या परीक्षेत नापास झालेला व्हॉल्व्ह बदलावाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळेल, पण जुन्या व्हॉल्व्हमध्ये जुन्या गाडीचा कोळसाही मिळू शकतो. नवाच घ्या, आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा किंवा दुकानदाराला चॅसिस नंबर द्या. दिसायला सारखे, कपलरही बसणारे व्हॉल्व्ह आतल्या छिद्राच्या मापात वेगळे असतात. मोठ्या छिद्राचा लागला तर ईसीएमचा हिशोब चुकतो आणि आयडल डुलायला लागतं. नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी त्यालाही सिरिंज लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

बसवताना बाण मॅनिफोल्डकडे. ओ-रिंग असेल तर इंजिन ऑइलचा एक थेंब लावा. क्लिपा पूर्वीच्याच खुणेवर बसवा. ब्रॅकेटचा बोल्ट हाताने लावून मग पान्याने हलकासा आवळा, प्लास्टिक आहे. व्हॉल्व्ह रबरी बुशवर असेल तर ते बुश टाकून देऊ नका, नाहीतर टिकटिक केबिनमध्ये घुमते.

स्कॅनरने कोड खोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, बोटाची चाचणी पुन्हा करा. मग टाकी पाव झाली की पंपावर जा, पहिल्या कटपर्यंत भरा आणि पाच मिनिटांनी सेल्फ मारा.

पहिल्याच सेल्फला उचलली नाही आणि व्हॉल्व्ह, पाइप, वायरिंग तिन्ही पास झालेले असतील, तर शोध पर्ज यंत्रणेच्या बाहेर न्या: गळणारा इंजेक्टर किंवा इंजिन बंद झाल्यावर उतरणारा फ्युएल प्रेशर. त्यासाठी प्रेशर गेज लागतो, आणि प्रेशरखालची पेट्रोल लाइन पार्किंगमध्ये उघडायची नसते. ती गाडी गॅरेजला न्या. आतापर्यंतचे सगळे आकडे कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या, म्हणजे तोही पहिल्या पायरीपासून पैसे लावणार नाही.